आईचे दीड हजार आणि आईची झोप

प्रश्न सोलापुरातल्याच एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "आई विड्या वळते. वडील यंत्रमागावर होते, तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून आईची झोप उडाली, जेवण सुटलं, कुणाशी बोलेनाशी झाली. लाडकी बहीणचे दीड हजार यायला लागल्यावर ती थोडी सावरली, पण पूर्ण नाही. हप्ता लांबला की पुन्हा पहिल्यासारखी होते. मामा म्हणतात, सरकारच्या पैशानं माणूस आळशी होतो, आणि एवढ्याशा पैशानं कुणाचं मन बरं होत नसतं. खरं काय? आईला डॉक्टरकडे न्यावं का? आणि हे पैसे कधीतरी बंद होऊ शकतात, हे तिला सांगावं का?"

ताई, मी गेली २२ वर्षं सोलापुरात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समाजसेविका म्हणून काम करते आहे. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, त्यानंतर माझं काम सुरू होतं. घरात कोण कोण आहे, पैसा कुठून येतो, कर्ज किती, रात्रीची गोळी कोण देणार, पुढच्या तारखेला रिक्षाचे पैसे कुठून येणार, हे सगळं मी विचारते. त्यामुळे पेशंटच्या केसपेपरइतकीच त्यांची रेशनकार्डं आणि पासबुकं माझ्या हातातून गेली आहेत.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "हप्ता लांबला की पुन्हा पहिल्यासारखी होते." बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला त्या वाक्यातच दिसतात. सरकारी मदतीतलं जे मनाला लागू पडतं, ते रकमेपेक्षा तारखेत जास्त असतं, असा माझा अनुभव आहे. ठरलेल्या दिवशी नक्की येणारे दीड हजार माणसाला झोप देतात. कधी येतील, येतील की नाही, याचा पत्ता नसलेले तीन हजारसुद्धा ती देत नाहीत.

गरिबी म्हणजे पैसे कमी असणं, एवढंच आपण धरून चालतो. पण तुमची आई दिवसभर काय करते ते आठवा. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. हात चालू असतात आणि डोक्यात हिशेब चालू असतो. कारखान्यात विड्या टाकायला गेल्यावर किती खराब म्हणून बाजूला निघतील, शुक्रवारी फायनान्सवाल्याचा हप्ता आहे, गॅस संपत आलाय, किराणावाल्याकडे मागची बाकी आहे म्हणून त्या दुकानावरून जायचं नाही, मागच्या बोळातून जायचं. हा हिशेब रात्री अंथरुणावर पडल्यावरही थांबत नाही. भवानी पेठेतल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "म्याडम, हात थांबतेत, डोस्कं थांबत नाही." निद्रानाशाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे ऐकलेलं नाही.

या गोष्टीचा अभ्यासही झालेला आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याला कळण्यासारखा आहे. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना ऊस जाण्याआधी आणि ऊस गेल्यानंतर अशा दोन्ही वेळी लक्ष आणि विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, शेत तेच. पण पैसा येण्याआधीच्या ओढाताणीच्या दिवसांत त्याच माणसाचे गुण कमी आले आणि पैसा आल्यानंतर वाढले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उसाचं बिल कधी जमा होणार याची वाट पाहण्यात ज्यांची वर्षं जातात, त्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही घराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चणचण असते तेव्हा माणसाची बुद्धी कमी होत नाही, ती दुसरीकडे गुंतलेली असते. "एवढं साधं कळत नाही का तुला?" असं आपण ज्या माणसाला म्हणतो, तो बहुतेक वेळा त्या क्षणी मनातल्या मनात हप्ते जुळवत असतो.

आता मामांचा मुद्दा. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला आयत्या पैशाची भीती वाटते, हे मला समजतं. पण त्यांचं म्हणणं तपासून पाहिलं गेलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम सोडलं किंवा कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. हे पैसे दारू-तंबाखूत जातात, या समजाचीही वेगळी तपासणी झाली आहे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा तो समजही टिकला नाही. आणि तुमच्या घरी तर पुरावा समोरच आहे. दीड हजार सुरू झाल्यावर आईनं विड्या वळणं सोडलं का? माझ्या पाहण्यातल्या बायकांपैकी एकीनंही सोडलं नाही. काहींनी एक केलं. ताप असताना त्या दिवशी सूप हातात घेतलं नाही. याला आळस म्हणायचं असेल तर मग आजारपण कशाला म्हणायचं, हा प्रश्न मामांना जरूर विचारा. प्रेमानं विचारा.

"एवढ्याशा पैशानं मन बरं होत नसतं" हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रोख मदतीमुळे मनावर काय परिणाम होतो, यावरचे ४५ अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये एक मोठा आढावा निघाला. त्यात एक लाखाहून जास्त लोकांची माहिती होती. निष्कर्ष असा, की लोकांची मनःस्थिती सुधारते. सुधारणा लहान असते, पण खरी असते, आणि पैसे सुरू झाल्यावर काही वर्षांनीही ती दिसते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना नियमित रोख मदत देणारी योजना टप्प्याटप्प्यानं लागू झाली. जिथे ती पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ काही न बोलता बसून होते. आमच्याकडे विष घेऊन आलेल्या आणि वाचलेल्या माणसांशी मी बोलते. "का केलंत?" याचं उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात येत नाही. पण बोलता बोलता एखादी रक्कम हमखास निघते, आणि ती रक्कम ऐकून घरचे म्हणतात, "एवढ्यासाठी?" ती रक्कम पाच हजार असते, आठ हजार असते. त्या दिवशी ती त्या माणसाला डोंगराएवढी होती.

आता तिसरा अभ्यास, जो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. तो चालू असतानाच तिथल्या चेरोकी आदिवासी समाजानं कॅसिनो काढला आणि नफ्यातला वाटा प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. जी कुटुंबं त्यामुळे गरिबीतून बाहेर आली, त्यांच्या मुलांचं मारामारी करणं, उलट बोलणं, ऐकून न घेणं असं वागणं कमी झालं, इतकं की ती कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आली. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की आईवडिलांना मुलांकडे बघायला वेळ आणि जीव उरला होता. पण त्याच मुलांमधलं नैराश्य आणि चिंता फारशी कमी झाली नाही.

म्हणजे पैसा सगळ्या दुखण्यांना सारखा लागू पडत नाही. परिस्थितीमुळे होणारी चिडचिड, भांडणं, धास्ती, रात्रीचा हिशेब यांवर तो लवकर काम करतो. मुरलेल्या नैराश्यावर एकटा पैसा पुरत नाही. तुमची आई थोडी सावरली, पूर्ण नाही, याचा अर्थ मी असाच लावते. धास्तीचा भाग दीड हजारांनी हलका केला. वडील गेल्याचं दुःख आणि त्यावर चढलेला आजार अजून तिथेच आहे.

म्हणून तिला डॉक्टरकडे नेणं गरजेचं आहे. तीन वर्षं झोप नाही, जेवणावर वासना नाही, माणसांत मन लागत नाही, ही दुःखाची नेहमीची वाट नव्हे. आपल्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, तिथे घेऊन जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सरकारी यंत्रणेकडून हे उपचार मिळणं हा तिचा हक्क आहे. कुणाकडे याचना करायची ही गोष्ट नाही. जायला तयार नसेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन लावा. हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आई घरात तेलुगू बोलत असेल तर तेलुगूतही बोलता येतं. हे मी मुद्दाम सांगते. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी बायका मराठी छान बोलतात, पण रडतात तेलुगूत. ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत दुखणं नीट सांगता येतं. आणि एक विनंती आहे. "तिला वेड लागलंय का?" असं कुणी विचारलं तर वाद घालत बसू नका. "झोपेच्या डॉक्टरांकडे चाललोय," एवढं सांगा आणि निघा. हे खोटंही नाही.

जीवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, "माझं ओझं कशाला" असं म्हणू लागली, किंवा चीजवस्तू वाटून टाकू लागली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी न्या, आणि तोवर तिला एकटं सोडू नका.

आता तारखेकडे वळते, कारण माझ्या मते खरी जखम तिथे आहे.

मराठीत "जीव टांगणीला लागणं" म्हणतात. सरकारी मदत आणि मन यांच्यातलं नातं या तीन शब्दांत आहे. एक ओळखीच्या मावशी आहेत, संजय गांधी निराधार योजनेतल्या. पैसे कधी महिन्याला येतात, कधी तीन महिन्यांचे एकदम. पैसे येण्याच्या सुमारास त्या रोज बँकेत जातात. रोज. पायी, कारण रिक्षाला पैसे नाहीत. मी त्यांना म्हटलं, फोनवर मेसेज येतो ना? त्या म्हणाल्या, मेसेज आला नाही तर पैसे आले नाहीत की मेसेज आला नाही हे कसं कळणार? त्या तीन महिन्यांत त्यांचा रक्तदाब आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वाढतात. पैसे एकदम आले की किराणावाला, दवाखाना आणि हातउसने दिलेली शेजारीण एकाच दिवशी दारात येतात, आणि संध्याकाळी हातात काही उरत नाही. वर्षाची बेरीज तेवढीच होते. पण दरमहा आलेले पैसे अन्न होतात आणि साठून आलेले पैसे कर्जाची फेड होतात. केनियातल्या एका मोठ्या प्रयोगातही दरमहा मिळणारी रक्कम घरच्या जेवणावर जास्त दिसली आणि एकरकमी मदत टिकाऊ वस्तूंवर. दोन्हींना जागा आहे. पण ज्या घरात जेवणाचीच भ्रांत आहे तिथे महिन्याची तारीख पाळणं हीच मदत आहे.

दुसरी टांगणी पडताळणीची. इंग्लंडमध्ये २०१० ते २०१३ या काळात अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या दहा लाखांहून जास्त लोकांना पुन्हा एकदा पात्रता सिद्ध करायला लावलं गेलं. ज्या भागांत ही फेरतपासणी जास्त झाली, तिथे मानसिक त्रास, नैराश्याच्या गोळ्या आणि आत्महत्या वाढलेल्या दिसल्या. सुमारे ५९० जादा आत्महत्यांचा संबंध या प्रक्रियेशी असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. अपात्र माणसाला पैसे जाऊ नयेत हे मलाही मान्य आहे. पण पात्र माणसानं आपली पात्रता पुन्हा पुन्हा सिद्ध करताना काय सोसलं, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, तेव्हा ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा बायकांची काय अवस्था झाली ते मी पाहिलं आहे. नंतर त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला देऊन वेगळी सोय झाली. पण मधल्या आठवड्यांत एक ताई मला म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हा एकदा विधवा झाले, आता मशीनसमोर पुन्हा." तुमच्या आईची ई-केवायसी झाली आहे का, ते आजच बघा. झाली असेल तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आणि अंगठा. वर्षानुवर्षं पान आणि कात्री हाताळून विडी कामगार बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. मग रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही. मागे रांग उभी असते, कुणीतरी म्हणतं, "मावशी, व्हा बाजूला." ज्या कामानं घर चाललं त्याच कामानं हातावरची ओळख पुसली, आणि आता ती बाई स्वतःची ओळख पटवू शकत नाही. यात जो अपमान आहे तो धान्याच्या पिशवीपेक्षा जड असतो. रेशनचं प्राधान्य कार्ड असेल तर माणशी ५ किलो, अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. भुकेच्या धास्तीवर यापेक्षा मोठं औषध मला माहीत नाही. पण दोन बायका मला अशा भेटल्या ज्यांनी रांगेतल्या त्या एका प्रसंगानंतर दुकानात जाणंच सोडलं. आईचा अंगठा लागत नसेल तर दुसरी बोटं लावून बघायला सांगा, अंगठाच हवा असा नियम नाही. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घेता येतात. आणि पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा.

उत्पन्नाच्या अटीबद्दल मला मनापासून राग आहे, तो इथे बोलून टाकते. संजय गांधी निराधार योजनेत विधवेसाठी कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. दिवसाला साधारण ५७ रुपये. एवढ्या पैशात सोलापुरात एका माणसाचं दोन वेळचं जेवण नीट होत नाही. जी बाई खरोखर ५७ रुपयांत कुटुंब चालवते ती दाखला काढायला जाईपर्यंत जिवंत राहिली तर नशीब. आणि जी विड्या वळून, धुणीभांडी करून त्याहून थोडं जास्त मिळवते, तिला "माझं उत्पन्न एवढंच" असं कागदावर म्हणावं लागतं. आयुष्यात कुणाचा रुपया न बुडवलेली बाई त्या कागदावर सही करताना हात आखडते. नंतर कित्येक महिने कुणी दारावर टकटक केली की तिला वाटतं चौकशीला आले. ही भीती मी केसपेपरवर "चिंता" म्हणून लिहिते, पण ती नियमातून आलेली असते. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे निदान हा खोटेपणा तिथे करावा लागत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत हे चांगलंच आहे. दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे कुणी एजंट "दुसरंही करून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

घरातल्या नात्यांवर काय होतं, तेही सांगायला हवं. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, माग कमी झाले, आणि कितीतरी घरांत पुरुषाचं काम गेलं तरी बाईचं सूप चालू राहिलं. अशा घरात बाईच्या नावावर थेट पैसे येऊ लागले की दोन प्रकार होतात. काही घरांत भांडण कमी होतं, कारण रोज दहा-वीस रुपयांसाठी तोंड उघडावं लागत नाही. काही घरांत पासबुक कुणाकडे राहणार यावर नवं भांडण सुरू होतं, आणि मार बसतो. पैसे देणाऱ्या यंत्रणेला हे दिसत नाही, आम्हाला ओपीडीत दिसतं. तुमच्या घरी तो प्रश्न नाही. पण मामा किंवा इतर कुणी "पैसे माझ्याकडे ठेव, मी सांभाळतो" म्हणत असतील तर पासबुक आणि एटीएम कार्ड आईच्याच पेटीत राहू द्या. स्वतःच्या नावाचं पासबुक उघडून बघण्यानंही मनाला बळ येतं.

मुलांबद्दल एकच निरीक्षण. आईची धास्ती कमी झाली की सगळ्यात आधी धाकट्या मुलाचं अंथरूण ओलं करणं थांबलेलं मी पाहिलं आहे. दोन घरांत. त्या मुलांना आम्ही काहीच दिलं नव्हतं.

पैशाबाहेरच्या मदतीचंही असंच आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये ती घरं मिळाली. अलीकडे रे नगरची घरं झाली. तिथे राहायला गेलेल्या बायका मला सांगतात, "घरमालक येईल म्हणून दचकणं गेलं." दूर पडतं, बसला वेळ लागतो, हे खरं. पण दचकणं गेलं, हे त्या आधी सांगतात.

आता थोडं कामाचं. वडील वारले तेव्हा त्यांचं वय १८ ते ५९ च्या दरम्यान होतं आणि तुमचं कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज केला होता का, आणि आता काय होऊ शकतं, ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. आईचा विडी कारखान्यातला पीएफ सुरू आहे का तेही पाहा, विडी कामगारांना तो लागू आहे. आणि एक धोक्याची सूचना. दरमहा दीड हजार येतात हे कळल्यावर छोटं कर्ज देणारे घरी येऊ लागतात. "हप्ता तर सरकारच भरतंय," असं सांगतात. आईला हे कर्ज घेऊ देऊ नका. गटाचं कर्ज थकलं की गटातल्याच बायका दारात येऊन बसतात. तो अपमान सहन न होऊन आमच्याकडे आलेल्या बायकांची संख्या दरवर्षी वाढते आहे. दीड हजारांनी दिलेली झोप असं कर्ज एका महिन्यात परत घेऊन जातं.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात हा प्रश्न असेल. दीर्घकाळचा मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्व म्हणून धरलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त प्रमाणपत्र मिळालं तर संजय गांधी योजनेचा लाभ घेता येतो. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाली आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाच्या म्हाताऱ्या आईसाठी हे पैसे फार मोठे असतात. पण इथेही टांगणी आहे. प्रमाणपत्राची मुदत संपते, पुन्हा तपासणी होते. मग घरचे मला हळूच विचारतात, "गोळ्यांनी बरा दिसला तर टक्के कमी होतील का?" एका घरानं तपासणीच्या आधी महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या होत्या. मुलगा त्या महिन्यात इतका बिघडला की परत जागेवर यायला वर्ष लागलं. मी त्या आईवडिलांना एक शब्द बोलले नाही. बरं होण्याची भीती त्यांच्या मनात कुठून आली हे मला माहीत होतं. गोळ्या कधीही बंद करू नका. तपासणीच्या वेळी उपचाराची सगळी जुनी कागदं सोबत न्या आणि गोळ्या चालू असतानाही रोजच्या जगण्यात त्याला काय काय जमत नाही, ते नीट सांगा. मूल्यमापन त्याचंच असतं.

शेवटचा प्रश्न, आईला सांगावं का. सांगा. ती विड्यांचा हिशेब तोंडी करणारी बाई आहे, तिला कळत नाही असं समजू नका. पैसे बंद होऊ शकतात हे तिला आधीच ठाऊक आहे, म्हणूनच हप्ता लांबला की ती खचते. फक्त ती हे एकटीनं वाहते आहे. हप्ता जमा झालेल्या दिवशी, पोटभर जेवण झाल्यावर बोला. हप्ता लांबलेल्या दिवशी हा विषय काढू नका. तिच्यासमोर वही घ्या आणि दोघी मिळून लिहा की एक महिना पैसे आले नाहीत तर काय करायचं. कुठला खर्च थांबेल, किराणावाल्याला आधीच कसं सांगायचं, तुमच्या पगारातून किती निघेल, गोळ्या कशा चालू राहतील. दरमहा त्या दीड हजारांतले शंभर-दोनशे पोस्टात वेगळे टाका, फक्त त्या एका महिन्यासाठी. त्यांना हात लावायचा नाही, असं तिलाच ठरवू द्या.

हे लिहिलेलं पान तिच्या पासबुकात ठेवा. आणि सिव्हिलला याल तेव्हा ते पानही घेऊन या, केसपेपरसोबत मला तेही बघायचं आहे.